ती म्हणतेय

जिन्याच्या शेवटच्या वळणावर त्याला आईचं हसू ऐकू आलं आणि त्याचा पाय पायरीवरच थबकला. घरात आई आणि बायको दोघीच होत्या. आई हसली, म्हणजे तिला कोणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि तिला ते कळलंही होतं. ते सांगायला तो तिथे नव्हता. एवढीशी गोष्ट, पण हातातली पिशवी त्याने उगाचच या हातातून त्या हातात घेतली आणि स्वतःच्याच दाराबाहेर पाहुण्यासारखा उभा राहिला. आतून बायकोचा आवाज येत होता. बारीक, भरभर, नेहमीचाच. त्या आवाजातलं एक अक्षरही लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत आईच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं. त्याने किल्ली फिरवली. स्वयंपाकघराच्या दारात आईची खुर्ची, नेहमीच्या जागी, अर्धा दरवाजा अडवून. खुर्चीत आई, डोक्यावर एक काळी पट्टी, दोन्ही कानांवर मऊ गाद्या, मांडीवर काडेपेटीहून जराशी मोठी डबी आणि त्या डबीतून निघालेली लांबलचक वायर. वायरीच्या दुसऱ्या टोकाला बारीकसा माइक होता आणि त्याचा चिमटा बायकोच्या ओढणीला लावलेला होता. ती ओट्याला टेकून बोलत होती, चक्क आईशी. "आलास?" आई म्हणाली. "अरे, मला हिचा आवाज येतोय! किती नाजूक आहे रे हिचा आवाज. तू कधी बोलला नाहीस." बायकोचा चेहरा नुसता फुलला होता. "कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी दिलं," ती म्हणाली. "अर्धा दिवस रजा टाकून गेले होते. म्हटलं, तुम्हाला तरी किती राबवायचं?" तो "वा" म्हणाला. "छान झालं," असंही म्हणाला. मग बूट काढायला खाली वाकला आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकून राहिला.

आईचे कान एकदम गेले नव्हते. ते घरातल्या जुन्या भाडेकरूसारखे एकेक सामान हलवत गेले. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा, मग फोनची रिंग, मग बायकांचे आणि पोरांचे आवाज. त्याचं लग्न होईपर्यंत उरला तो एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज, आणि तसा आवाज घरात एकट्या त्याचा होता. शाळेत त्याला भोंगा म्हणत. तेव्हा तो त्या नावाने रडकुंडीला यायचा. पुढे त्याच भोंग्यावर अख्खं घर चालेल असं कोणी सांगितलं असतं तर त्याने आणखी मोठ्याने गळा काढला असता. एकदा आईसाठी कानात घालायचं महागातलं यंत्रही आणलं होतं. ते शिट्ट्या मारायचं. "कानात भांडी पडतात," असं म्हणून आईने ते बटणांच्या डब्यात टाकलं ते आजतागायत तिथेच आहे. मग बायकोने पाटी आणली होती. लिहून दाखवू म्हणाली. आईने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. "मला शाळेत घालू नका," एवढंच म्हणाली. तेव्हा सगळ्यांनी, काही न ठरवता, त्याच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून शेजारी, डॉक्टर, मीटर बघायला येणारा, लग्न होऊन दूर गेलेली बहीण, आणि सर्वांत जास्त बायको, हे सगळे आईशी त्याच्या तोंडाने बोलू लागले. "सांगा हो त्यांना." "जरा विचारा हो त्यांना." आणि तो आईच्या समोर जायचा, खाली वाकायचा, "ती म्हणतेय," अशी सुरुवात करायचा. आई त्याच्या तोंडाकडे बघायची, मग मान वळवून बायकोच्या तोंडाकडे, आणि मग मान डोलवायची. कधी कधी झोपेतही त्याच्या तोंडून "ती म्हणतेय" निघायचं, असं बायको हसत सांगायची. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा नेमकं केव्हा घडलं ते त्याला अजून लख्ख आठवत होतं. कामावरून आलेली बायको त्या खुर्चीला अडखळली होती. हातातलं पातेलं कलंडलं, गरम पाणी तिच्या पायावर सांडलं, आणि वर आईचं सुरू झालं, "लक्ष कुठे असतं हिचं?" तेव्हा बायको पाय धरून म्हणाली होती, "सांगा त्यांना, ही खुर्ची आहे की नाक्यावरचा पोलीस? सारखं डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं माझ्यावर!" तो आईसमोर वाकला. तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, "ती म्हणतेय, तुला इथे वारा लागतो, आत बसलीस तर बरं." आईचा चेहरा सैल पडला. "लागू दे गं," ती सुनेला म्हणाली, अगदी मायेने. "तुझा पाय बघू." आणि बायको, जिने पोलीस म्हटलं होतं आणि उत्तरात माया मिळाली होती, ती ओशाळी झाली. पाय पुढे केला. रात्री त्याला म्हणाली, "तुमची आई मोठ्या मनाची आहे हो. मी काय वाट्टेल ते बोलले, पण एक शब्द मनाला लावून घेतला नाही त्यांनी." आपण काही फार मोठं केलं असं त्याला तेव्हा वाटलं नाही. सांडलेलं पाणी पुसलं, बस.

त्याचं कामच तसलं होतं म्हणा. रंगाच्या दुकानात तो छटा जुळवायचा. लोक भिंतीचा पोपडा घेऊन यायचे, उशीचा अभ्रा, तुटलेल्या कपाचा तुकडा, "अगदी हाच पाहिजे," म्हणायचे. तो पांढऱ्या रंगाचा डबा उघडायचा, यंत्राखाली लावायचा, काळ्याचा एक थेंब, पिवळ्याचे दोन, मग डबा गदागदा हलवायचा. लोकांनी मागितलेला लाल जसाच्या तसा भिंतीवर लावला तर त्या खोलीत माणूस बसू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग तो न विचारता थोडा पांढरा जास्त घालायचा. गिऱ्हाईक घरी जाऊन रंग लावायचं आणि पुन्हा येऊन म्हणायचं, काय हुबेहूब जुळवलात. दुकानात त्याच्या डोळ्याचं नाव होतं. घरी त्याने तेच केलं. बायको म्हणायची, "सांगा त्यांना, मी मोलकरीण नाही," तो सांगायचा, "ती म्हणतेय, तू उठू नकोस, ती करते." बायको म्हणायची, "लेकीकडे चार दिवस जा म्हणावं, मला जरा श्वास घेऊ दे," तो सांगायचा, "ती म्हणतेय, तुला लेकीची आठवण येत असेल." आई विरघळायची, सुनेच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि सून त्या हाताखाली लाजून जायची. अशी वर्षं गेली. शेजारी म्हणायचे, सासू-सुना असाव्यात तर अशा. खरी गंमत म्हणजे त्या खरंच तशा झाल्या होत्या. आई सुनेवर जीव टाकायची कारण सून गोड बोलते, आणि सून सासूला मानायची कारण सासू काहीही पोटात घालते. यातलं काहीच खरं नव्हतं आणि दोघींचं प्रेम मात्र खरं होतं. हे सगळं एका माणसाच्या घशातून जात होतं आणि तो घसा सुजला की घर मुकं व्हायचं. एकदा खरंच सुजला होता. तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या आणि तो अंथरुणात पडून घामाघूम झाला होता, तापाने नव्हे.

म्हणूनच मालकांनी दुसऱ्या गावातलं गोदाम सांभाळशील का असं विचारलं तेव्हा त्याने मागच्या वेळी लगेच नकार दिला होता. गोदामाच्या वर एक खोली होती. तो एकदा माल उतरवायला गेला असताना त्या खोलीत तासभर बसला होता. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर रिकाम्या पिंपांची रास. तासभर कोणी काही बोललं नाही आणि त्यालाही काही बोलावं लागलं नाही. आपला जबडा इतका दुखत होता हे त्याला तिथे कळलं. आता मालक पुन्हा विचारत होते. "आठवड्याला घरी येशीलच की," ते म्हणाले होते. "सोमवारी सांग. घरी अडतं काय तुझ्यावाचून?" घरी काय अडतं ते मालकांना सांगण्यासारखं नव्हतं. आणि आता ही डबी आली होती. म्हणजे अडायचं कारणच उरलं नव्हतं. त्याने आनंदाने उडी मारायला हवी होती. जेवताना त्याने बायकोला गोदामाचं सांगितलंसुद्धा. "जा ना," ती म्हणाली. "आता काय, आम्ही दोघी बोलू की." आम्ही दोघी बोलू. त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही, आणि तेच त्याला जास्त जाचत होतं. दोघी पाहुण्यांसारख्या बोलत. बायको चिमटा लावायची, घसा खाकरायची आणि "आई, झोप झाली का?" असं विचारायची, जणू समोर सभा बसली आहे. आई "झाली हो" म्हणायची. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलेलं सगळं बायको मन लावून करत होती. आईच्या तोंडासमोर उभं राहून बोलायची, ओरडायची नाही, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बघायची, बोलण्याआधी स्वयंपाकघरातला पंखा बंद करायची. टेबलावर जाड कापड अंथरलं, भांड्यांचा खणखणाट कमी व्हावा म्हणून. दारावरची घंटा वाजली की आईच्या खोलीत दिवा उघडझाप करील अशी सोय केली. घर इतकं निगुतीने आईच्या कानांशी जुळवून घेत होतं की त्यात त्याला स्वतःची जागा सापडेना. तो सवयीने मध्ये वाकायचा, "ती म्हणतेय..." आणि दोघी एकदम म्हणायच्या, "कळलं, कळलं." मग तो सरळ व्हायचा. हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही. एकीकडे त्या खोलीतली खाट दिसायची, खिडकी दिसायची, आणि दुसरीकडे तो बायकोच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास रोखून असायचा. कारण नवेपणा ओसरणार होता. आज ना उद्या ती खुर्चीला अडखळणार होती.

तेव्हा त्याने ते सुरू केलं. डबीच्या कडेला एक बारीक दातेरी चाक होतं, आवाज कमी-जास्त करायचं. सकाळी दुकानात जाण्यापूर्वी आई अंघोळीला गेली की तो डबी उचलायचा आणि अंगठ्याने चाक किंचित मागे सारायचा. थेंबभर. एवढ्याने कोणाचं काही बिघडत नाही, तो स्वतःला समजावायचा. हळूहळू सवय होईल दोघींना, मग पुन्हा वाढवू. स्वतःला समजावण्यात तो पटाईत झाला होता. एवढ्या वर्षांत दुसरं केलं काय होतं? दुसऱ्या दिवशी आणखी थेंबभर. आपल्या आईच्या कानातून आपण आवाज काढून घेतोय ही जाणीव दुकानात डबा हलवतानाही जायची नाही. संध्याकाळी बायको म्हणायची, "हिची बॅटरी उतरते वाटतं लवकर. आई परत 'काय? काय?' करायला लागल्यात." आई काहीच तक्रार करत नव्हती. ती खुर्चीत बसून सुनेच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मधूनच डबीवर हात ठेवायची, मांजरावर ठेवावा तसा. त्याला त्या हाताची भीती वाटू लागली होती.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं. तो बाहेरच्या खोलीत पेपर पुढे धरून बसला होता. आत बायको कपाटाचा वरचा खण आवरत होती, हातात जुन्या बाटल्यांची टोपली घेऊन मागे सरकत होती, आणि व्हायचं ते झालं. टाच खुर्चीच्या पायात अडकली. बाटल्या खळकन फुटल्या. "आई गं!" बायको ओरडली. आणि मग सुरू झाली. "किती वेळा सांगितलं ही खुर्ची हलवा म्हणून! किती वेळा!" आई म्हणाली, "काय?" "खुर्ची, खुर्ची!" "काय म्हणतेस?" तो पेपर टाकून उठला, दारापर्यंत पोचला, वाकायला लागला, तोंडात वाक्य तयारही होतं, काच लागेल म्हणून ती काळजी करतेय. तेवढ्यात आईने डबी उचलली. अंगठा चाकावर ठेवला आणि चाक शेवटपर्यंत पुढे फिरवलं. सुनेकडे मान वर करून म्हणाली, "हं. आता बोल." आणि बायको, ओढणीला चिमटा लावलेला, बोलली. "तुम्ही पोलिसासारख्या बसता इथे! लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच सांगतेय. मोलकरीण नाही मी, हेही सांगितलंय. चार दिवस लेकीकडे जा, हेही तोंडावर सांगितलंय. आजवर कशाचं वाईट वाटून घेतलं नाहीत, मग आज अशा काय बघताय माझ्याकडे?"

आई खरंच बघत होती, पण सुनेकडे नव्हे. ती त्याच्याकडे बघत होती. बायकोची नजर आईच्या नजरेमागोमाग वळली आणि तीही त्याच्याकडे बघू लागली. त्याच्या पायाखाली काच होती, म्हणून त्याला मागे जाता येईना. बायकोच्या चेहऱ्यावरून राग एकेक घडी उतरत गेला. तिच्या ओठांनी आवाज न करता काहीतरी मोजल्यासारखं केलं, जणू एकेक जुनी संध्याकाळ काढून ती उजेडात धरून बघत होती. "तुम्ही सांगितलंच नाहीत," ती म्हणाली. इतक्या हळू की ते डबीतूनही गेलं असेल की नाही कोण जाणे. "काहीच सांगितलं नाहीत त्यांना." मग तिने ओढणीचा चिमटा काढला, टेबलाच्या कडेला ठेवला, आणि काच न बघता तशीच आतल्या खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आईने कानांवरच्या गाद्या काढल्या. वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, डबीवर ठेवली आणि डबी त्याच्यापुढे धरली. "घे," ती म्हणाली. "आई, मी..." "घे रे. सकाळी चाक कोण मागे करतं ते कळतं मला. मी आपलं राहू दिलं." त्याला वाटलं, आता ती रडेल, किंवा शिव्या घालील, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी आपण सुटलो. मग गोदामाची खोली, खाट, खिडकी. पण आईच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. "कान गेलेत माझे, डोळे शाबूत आहेत," ती म्हणाली. "ही खुर्ची मी इथे का ठेवते? इथून तोंडं दिसतात सगळ्यांची. पहिल्या दिवसापासून बघतेय. हिचे ओठ भांडायचे आणि तुझे लाडीगोडी लावायचे. मला काय तेवढंही कळू नये?" "मग बोलली का नाहीस?" तो म्हणाला, आणि आपला आवाज किती मोठा आहे हे त्यालाच जाणवलं. आईने जरा विचार केला. "बरं वाटायचं," ती म्हणाली. "मला हौस होती तिचा खरा आवाज ऐकायची. ऐकला. गोड आहे. पण तुझ्या तोंडून ती बरी बोलते." तिने डबी त्याच्या हातात कोंबली आणि त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली. लहानपणी बाजारात पाठवताना ती अशीच त्याच्या मुठीत नाणी मिटवायची.

तो काच गोळा करत राहिला. एकेक तुकडा, मग बारीक कण, मग ओलं फडकं. डबी खिशात मांडीला टोचत होती. आतलं दार उघडलं तेव्हा तो अजून गुडघ्यांवरच होता. बायको तोंड धुऊन आली होती. तिने एक खुर्ची ओढली आणि आईसमोर बसली, हातभर अंतरावर, अगदी दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं तशी, तोंडावर उजेड घेऊन. टेबलावर पडलेल्या रिकाम्या जागेकडे तिने एकदा बघितलं, मग त्याच्या फुगलेल्या खिशाकडे. डबी द्या असं ती आता म्हणेल, आणि आपण देऊ, आणि काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, तो मनाशी म्हणाला. खिशाकडे हात नेलासुद्धा. "सांगा त्यांना," बायको म्हणाली. तिची नजर आईवर होती. "सांगा, मी बोलले त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही." आई त्याच्या तोंडाकडे बघू लागली. तो गुडघ्यांवरून उठला नाही. वाकायची गरजच नव्हती. "ती म्हणतेय," तो म्हणाला आणि थांबला. बायकोने त्याच्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. होती ती एक दमलेली विनवणी, आणि तिचा अर्थ त्याला तिच्या शब्दांपेक्षा जास्त स्पष्ट कळला. "ती म्हणतेय, रागात फार बोलून गेले." बायकोने मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. तिला सगळं ऐकू आलं होतं आणि ती नाही म्हणाली नाही.

आईने मान डोलवली. मग पदर सारखा केला, खुर्चीत ताठ बसली आणि हातभर अंतरावर बसलेल्या, तिखट कानांच्या सुनेकडे न बघता त्याला म्हणाली, "तिला सांग, खुर्ची इथेच राहील. कोणाला अडचण होत असेल तर त्याने बघून चालावं."

खोलीत पंखा बंद होता. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा टुंटुं आवाज दोन मजले वर स्पष्ट येत होता. "ऐकलंस ना?" त्याने बायकोला विचारलं. ती खाली बघत होती. अंगठ्याने टेबलावरच्या जाड कापडाची कड दुमडत होती, उलगडत होती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

त्याने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. उद्या सोमवार होता. मालकांना काय सांगायचं ते ठरलं होतं, ते त्याला ठरवावंही लागलं नव्हतं. तो उठला, दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि जरासा वाकला.

"आई म्हणतेय," त्याने सुरुवात केली, आणि पुढचं शोधू लागला.